चारशे बहात्तर नंबरचे दोन खांब

वीज कंपनीच्या दप्तरात तिच्या नावापुढे ‘अकुशल मदतनीस’ असं लिहिलेलं होतं. एक-दोन नव्हे, अठ्ठावीस वर्षं लिहिलेलं होतं. आणि गावातल्या अकरा हजार खांबांवरचा जवळजवळ प्रत्येक आकडा तिने हाताने काढलेला होता. यात कुशल काय आणि अकुशल काय हे ज्याने ठरवलं, त्याला एकदा शिडीवर चढवायला हवं होतं. एका हाताने खांब धर आणि दुसऱ्या हाताने गोल लोखंडावर सरळ सात काढून दाखव, असं सांगायला हवं होतं. पण असली माणसं शिडीवर चढत नाहीत. ती खाली खुर्चीत बसून शिडीवरच्यांची वर्गवारी करतात.

लाईनमन लोक तिला आकडेबाई म्हणत. नाव पडलं ते चेष्टेतून. वीज चोरणारे तारेवर आकडा टाकतात, बाई खांबावर टाकते, असा कोणाचा तरी विनोद होता. विनोद करणारा निवृत्त झाला, नाव राहिलं. बाईची त्याला हरकत नव्हती. ‘अकुशल मदतनीस’पेक्षा कितीतरी बरं, असं ती म्हणायची.

काम कसं, तर सकाळी आठला गाडीच्या मागच्या हौद्यात शिडी, पिवळ्या आणि काळ्या ऑइल पेंटचे डबे, टर्पेंटाइनची बाटली आणि तारेचा ब्रश घेऊन निघायचं. गंज खरवडायचा, माणसाच्या डोक्याच्या वर हातभर पिवळा पट्टा ओढायचा, तो वाळला की दुसऱ्या दिवशी त्यावर काळा आकडा. पत्र्याचा छापा वापरून बघा, असं दर दोन वर्षांनी कोणीतरी नवा साहेब सुचवायचा. सपाट पत्रा गोल खांबावर बसत नाही, कडेने रंग आत झिरपतो आणि तीनचा आठ होतो, हे बाई दर दोन वर्षांनी समजावून सांगायची. कंपनीचे आकडे इंग्रजी. तिच्या चारचं डोकं उघडं असे, कारण ते मिटलं की संध्याकाळच्या उजेडात त्याचा नऊ दिसतो. सातच्या पोटात आडवी रेघ, म्हणजे कोणी त्याला एक समजू नये. दोनच्या पायाशी मात्र एक छोटीशी गाठ असे, तिला कारण काही नाही. बाईला ती आवडायची. चार वर्षांपूर्वी शिडीवरून पडून मनगट मोडलं, तेव्हापासून तशी गाठ वळेना, म्हणून तिने ती सोडून दिली. कोणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? खांबाकडे बघतो कोण?

खांबावरचा आकडा ही शोभा नव्हे, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बिघाड झाला की लाईनमन आकडा वाचतो, उपकेंद्राला कळवतो, तिथला माणूस त्या आकड्याची लाईन बंद करतो, बंद केल्याचं सांगतो, मग लाईनमन वर चढतो. मधे दुसरं काही नाही. एका माणसाचा जीव आणि तीन-चार आकडे.

सहा वर्षांपूर्वी नव्या वसाहतीकडे नवी लाईन टाकली, तेव्हा दप्तरातल्या कारकुनाने खांबांची यादी करून तिच्या हातात दिली. अर्ध्यावर आल्यावर बाई थबकली. यादीतले काही आकडे तिने जुन्या बाजाराच्या बाजूला आधीच काढलेले होते. तिने मोजले, चौदा निघाले. ती कारकुनाकडे गेली, म्हणाली, हे चौदा नंबर आधीच आहेत. कारकून चहा पीत होता. त्याने यादीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि यादीत आहे ते लिहायचं, डोकं चालवायचं काम तुमचं नाही, असं सांगितलं. बाईने साहेबांच्या दारात दोनदा तोंड घातलं. साहेब दोन्ही वेळा फोनवर होते. मग तिने यादीत होतं ते लिहिलं. हे ‘लिहिलं’ तिला पुढे आयुष्यभर डाचणार होतं, पण त्या दिवशी तिला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.

त्या चौदातला एक आकडा चारशे बहात्तर.

तिचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत लाईनमन होता. दोन वर्षांपूर्वी नव्या वसाहतीत तार तुटली. त्याने खांबावरचा आकडा वाचला, फोनवर चारशे बहात्तर सांगितलं. उपकेंद्राने चारशे बहात्तर बंद केलं, म्हणजे जुन्या बाजारातलं. नव्या वसाहतीतलं चालूच होतं. वर चढण्याआधी तारेत वीज आहे का ते तपासायची काठी तीन गाड्यांत मिळून एक, आणि ती त्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला. उजवा हात कोपरापासून गेला. माणूस वाचला, हे डॉक्टरांचं कसब म्हणायचं की त्याचं नशीब, देव जाणे.

चौकशी झाली. साहेब स्वतः जागेवर गेले, पंचनामा केला. पंचनाम्यात लिहिलं की सदर खांबाचा क्रमांक चौदाशे बहात्तर आहे, बंद केलेल्या खांबाचा क्रमांक चारशे बहात्तर, सबब कर्मचारी चुकीच्या खांबावर चढला. ‘स्वतःच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे’ हे तीन शब्द कागदावर आले आणि त्या तीन शब्दांनी नोकरीही गेली, भरपाईही गेली. बाई त्या खांबापाशी गेली तर तिथे खरोखर चौदाशे बहात्तर होतं. ताजा पिवळा पट्टा, त्यावर छाप्याने मारलेले आकडे, कडा झिरपलेल्या. ते तिने काढलेलं नव्हतं. तिने तसं चौकशीत सांगितलं. ती सख्खी बहीण, त्यातून अकुशल मदतनीस. तिचं कोण ऐकणार? जुनी यादी मागितली तर ती सापडेना. कारकून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला होता. साहेब म्हणाले, बाई, अकरा हजार खांब आहेत, तुम्हाला प्रत्येक कसा आठवेल?

हा प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. भाऊ घरात खिडकीपाशी बसून असायचा, डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकायचा, आणि एकच वाक्य म्हणायचा, “ताई, मी चारशे बहात्तरच वाचलं होतं.” पहिल्या वर्षी ती लगेच हो म्हणायची. दुसऱ्या वर्षी तिला हो म्हणायला क्षणभर उशीर होऊ लागला. भावाला तो उशीर कळायचा. कंपनीने त्याचा हात घेतला होता, आणि आता त्याच्या बहिणीचा विश्वासही हप्त्याहप्त्याने नेत होती.

अशात ती भिंत उगवली.

उपकेंद्राची मागची भिंत चाळीस पावलं लांब. एका सोमवारी सकाळी तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आकडे होते. पुरुषभर उंच. मागे पिवळा पट्टा आणि त्यावर निळे, लाल, हिरवे, जांभळे आकडे, फवाऱ्याच्या रंगाने काढलेले, इतके सफाईने की रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून बघत होते. या भिंतीवर आजवर टक्कल घालवण्याच्या, आठ दिवसांत इंग्रजी शिकवण्याच्या आणि पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या जाहिराती चिकटत आल्या होत्या, त्याबद्दल साहेबांनी कधी पेन उघडलं नव्हतं. आकडे दिसल्याबरोबर मात्र भिंत विद्रूप झाली.

गाडीवरचे लाईनमन बाईला म्हणाले, काय बाई, आता भिंतींनाही नंबर द्यायला लागलात का? कारण हात तिचाच होता. उघड्या डोक्याचे चार, रेघेचे सात. बाईचा आधी संताप झाला. अठ्ठावीस वर्षांत कंपनीने एकच गोष्ट तिच्याकडून घेतली नव्हती, ती म्हणजे हे वळण, आणि आता तेही कोणी उचलून नेलं होतं. मग तिला दोनच्या पायाशी गाठ दिसली. स्वतःच्या हाताने चार वर्षांत न काढलेली गाठ. आणि मग तिने आकडे वाचले. तिसरा होता चारशे बहात्तर. तिने पहिल्यापासून वाचले. चौदा होते. तेच चौदा. ती तिथेच फुटपाथवर बसली.

दोन दिवसांनी तिला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. पंधरा दिवसांनी मुख्यालयातून चौकशी अधिकारी येणार, तोवर खुलासा द्या. साहेबांनी नोटीस स्वतः लिहिली होती आणि झकास लिहिली होती. तीन ज्येष्ठ लाईनमनांच्या साक्षी जोडल्या होत्या. शेवटी असं वाक्य होतं: ‘सदर भिंतीवरील अक्षरवळण हे सदर महिला कर्मचाऱ्याचेच असून, गेली अठ्ठावीस वर्षे खांबांवर दिसणाऱ्या या वळणाची नक्कल अन्य कोणासही करणे शक्य नाही, अशी माझी खात्री आहे.’ खाली लफ्फेदार सही. अठ्ठावीस वर्षांत बाईच्या कामाचं लेखी कौतुक झालं ते हे एवढंच, आणि तेही तिला कामावरून काढण्यासाठी.

त्याच आठवड्यात, शाळा सुटायच्या वेळी, ती एका खांबाचा गंज खरवडत असताना खाली एक मुलगी येऊन उभी राहिली. पंधरा वर्षांची असेल. चष्मा, गणवेश, पाठीवर दप्तर, नखांच्या कडेला जांभळा रंग. बाई शिडीवरून उतरली नाही. मुलीने मान वर करूनच सांगितलं.

“मावशी, ती भिंत मी केलीय. तुमच्यावर आलंय असं कळलं.”

बाई उतरली. तिने त्या नखांकडे पाहिलं आणि विचारलं, की हे उद्योग कोणी शिकवले, घरी कोणी बघत नाही का, आणि माझं वळण उचलायला मी काय मेले होते? मुलीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगायला लागली. तिच्या वर्गातली मुलं फोनवर दूरदूरच्या शहरांतल्या भिंती रंगवणाऱ्यांचे व्हिडिओ बघायची. तीही बघायची. आपलं नाव जागोजागी लिहिणारे, आगगाडीचे डबे रंगवणारे, तोंड झाकून फिरणारे. त्यातला एक म्हणाला होता की ज्याचा हात शहरात सगळ्यात जास्त ठिकाणी दिसतो, शहर त्याचं. मग हिने आपल्या गावात कोणाचा हात जास्त ठिकाणी दिसतो ते शोधायला सुरुवात केली. बारा-तेराव्या वर्षापासून, बापाचा जुना फोन घेऊन. उत्तर तिला शाळेच्या रस्त्यावरच्या पहिल्याच खांबावर मिळालं. लोकांना वाटतं आकडे मशीनने छापतात, ती म्हणाली. छापत नाहीत हे तिला एका सातवरून कळलं. नव्या आकड्यांतून दोनची गाठ गेली, हेही तिला माहीत होतं. काय झालं होतं तेव्हा, असं तिने विचारलं.

बाईने मनगट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं, आणि विचारलं ते या दीडवितीच्या पोरीने, जिला अजून दहावी व्हायची होती.

भिंत त्यांनी रविवारी भर दुपारी केली होती, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी. नारिंगी जॅकेटं घालून, शिडी लावून. दोन पोलिस, एक नगरसेवक आणि खुद्द उपकेंद्राचा पहारेकरी बाजूने गेले. नगरसेवकाने तर, जरा नीट काम करा, असं बजावलं होतं. जॅकेट घातलेल्या माणसाला या गावात कोणी बघतच नाही, हे मुलीला बाईकडे बघूनच समजलं होतं.

“पण हेच चौदा का लिहिलेस?” बाईने विचारलं.

मुलगी पहिल्यांदा हसली. “ते सगळ्यात भारी. दोन-दोन खांबांवर तोच नंबर. आम्हाला शोधायला वर्ष लागलं. ती तुमची सही आहे ना? लपवून ठेवलेली?”

बाईने हातातला तारेचा ब्रश खाली ठेवला. एका कारकुनाच्या आळसाला या पोरींनी कलाकाराची खूण समजून डोक्यावर घेतलं होतं, जपून ठेवलं होतं, पुरुषभर उंच करून भिंतीवर चढवलं होतं. आणि ज्यांनी समजायला हवं होतं त्यांनी पंचनामे केले होते.

“ती सही नाही,” ती म्हणाली. “त्यात माझ्या भावाचा हात गेलाय.”

तिने सगळं सांगितलं. मुलीने दप्तरातून फोन काढला आणि फोटो शोधायला लागली. तीन फोटो होते. पहिला जुन्या बाजारातला खांब, चारशे बहात्तर. दुसरा नव्या वसाहतीतला, मागे मुलीच्या शाळेचं फाटक, आणि पिवळ्या पट्ट्यावर उघड्या डोक्याचा चार, रेघेचा सात, गाठीचा दोन. तारीख अपघाताच्या पाच महिने आधीची. तिसरा तोच खांब, तेच फाटक, छाप्याचे चौदाशे बहात्तर. तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची. त्याखाली मुलीने तेव्हा लिहून ठेवलं होतं, ‘कोणीतरी राणीच्या नंबरावर छापा मारला.’ राणी कोण, असं बाईने विचारलं. मुलगी लाजून म्हणाली, आमच्यात तुम्हाला तसं म्हणतात.

बाई मुलीला तशीच घरी घेऊन गेली. भावाने फोन डाव्या हातात धरला आणि तो फोटो इतका वेळ बघत राहिला की पडदा दोनदा विझला. दोन्ही वेळा मुलीने तो पुन्हा लावून दिला. “वाचलं होतं ना मी,” तो म्हणाला. बाईला लाज वाटली. या दोन वर्षांतल्या प्रत्येक उशिराची लाज वाटली, आणि तिने ते भावाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे, आता पुढचं बघ.

मुलगी म्हणाली, मी उद्याच साहेबांकडे जाऊन सांगते की भिंत माझी आहे, म्हणजे मावशींवरचं निघेल, आणि फोटोही देते. खरं बोलायला तयार असलेलं मूल समोर उभं होतं. आणि भाऊ, जो दोन वर्षं फक्त शर्टाच्या बटणांचा विचार करत होता, त्याचं डोकं एकदम चालायला लागलं.

“तू कबूल केलंस की संपलं,” तो मुलीला म्हणाला. “ताईच्या हाताची नक्कल होते, हे मग सिद्धच झालं. साहेब म्हणणार, फोटोतला नंबरही पोरींनीच काढला. आत्ता त्याने काय लिहून दिलंय? की हा हात दुसऱ्या कोणाला जमतच नाही. तो कागद आपल्याला हवाय.”

मुलीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचे डोळे भरले. ती काही कोर्टकचेरीला घाबरून रडत नव्हती. दोन महिने वहीत आखून, पैसे साठवून रंग आणून, तिने आयुष्यातलं पहिलं मोठं काम केलं होतं, आणि आता ते आपलं आहे असं तिला कोणाला म्हणता येणार नव्हतं. “पण ती माझी आहे,” एवढंच ती म्हणाली. बाईने तिला जवळ घेतलं नाही, समजूत काढली नाही. तिला स्वतःचाच राग येत होता, साहेबांचा येत होता, या सगळ्या उलट्या कारभाराचा येत होता. एका पोरीने खरं सांगितलं तर खरं बुडणार, आणि ती गप्प बसली तर वर येणार. कुठल्या शहाण्याने हे जग असं लावून ठेवलंय? बाई मुलीला म्हणाली की तू फक्त फोटो दे, रस्त्यावर दिसलं ते टिपलं म्हणून सांग, त्यात एक अक्षर खोटं नाही. भिंतीचं माझ्यावर सोड.

चौकशीला मुख्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. बारीक चणीच्या, कोरड्या, नाकावर चष्मा. साहेबांनी त्यांच्यासाठी टेबलावर फुलं ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सरकवून कागद मांडले. मुलगी आईला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. अधिकारी बाईंनी नोटीस वाचली आणि भिंतीबद्दल काय म्हणणं आहे असं विचारलं.

“साहेबांनी लिहिलंय की तो हात माझा आहे,” आकडेबाई म्हणाली. “मी कुठे नाही म्हणतेय?”

साहेब खुशीत मागे टेकले. मग बाईने विचारलं की साहेबांची ती खात्री अजून आहे का. साहेब म्हणाले, शंभर टक्के. हे वळण मी कुठेही ओळखेन, डोळे मिटून. बाई म्हणाली, डोळे मिटू नका, आणि फोटोंच्या मोठ्या प्रती टेबलावर ठेवल्या. पहिली ठेवली, हा हात कोणाचा? साहेब म्हणाले, तुमचा. दुसरी ठेवली. हाही तुमचाच, साहेब म्हणाले, आणि मग त्यांनी मागचं फाटक पाहिलं. तिसरी ठेवली ती त्यांनी पालथी घातली.

“हा माझा नाही,” बाई म्हणाली. “हा छापा आहे. माझ्या भावाचा हात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मारलेला. कोणी मारला, कोणाच्या सांगण्यावरून मारला, ते मी विचारतेय. दोन वर्षं विचारतेय. मी अकुशल आहे, मला समजत नसेल, तर मला समजावून सांगा.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. फोटो खोटे असू शकतात, ते म्हणाले. अधिकारी बाईंनी त्यांना त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं, ‘नक्कल अन्य कोणासही करणे शक्य नाही’, आणि खालची सही तुमचीच का असं विचारलं. मग त्यांनी मुलीला आत बोलावलं, फोनमधल्या तारखा बघितल्या, शाळेचं फाटक बघितलं. भिंतीबद्दल तिला काही विचारलं नाही. त्यांना काही कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. मुलीच्या नखांकडे मात्र त्या थोडा जास्त वेळ बघत होत्या.

निकालाचं पत्र दोन महिन्यांनी आलं. भावाच्या फायलीतले ते तीन शब्द काढले होते, त्याला भरपाई आणि बसून करायची नोकरी मिळणार होती. बाईला भिंत विद्रूप केल्याबद्दल तीन महिने निलंबित केलं होतं. साहेबांची बदली झाली, आधीपेक्षा मोठ्या गावात. भिंतीवर कंपनीने चुना फासला. मुलगी शाळेतून येताना तिथे उभी राहून बघत होती. फासणाऱ्याने तिला विचारलं, काय गं, तुला आवडायचं का हे? आणि तिला हो एवढंच म्हणता आलं.

बाईने पत्र तीनदा वाचलं. ती त्यात एक नाव शोधत होती. ‘सदर अपघात क्रमांकांच्या पुनरावृत्तीमुळे घडला’, असं लिहिलं होतं. पुनरावृत्ती कोणी केली, ती नंतर छाप्याखाली कोणी झाकली, याबद्दल ब्र नव्हता. जणू आकडे आपण होऊन रात्रीतून खांबांवर चढले होते. आणि शेवटच्या ओळीत, उर्वरित तेरा क्रमांकांची दुरुस्ती यथावकाश करण्यात येईल. यथावकाश! त्या तेरा खांबांवर उद्या कोणी चढणार होतं, परवा कोणी चढणार होतं. त्यांच्या घरीही बहिणी होत्या.

बाईने कंपनीचे डबे हिशोबाने जमा केले होते. तिने दुकानातून स्वतःचे पिवळा आणि काळा आणले, शेजाऱ्याची शिडी घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलीला आईसकट बोलावलं. भाऊही निघाला. दोन वर्षांत तो दवाखान्याशिवाय कुठे गेला नव्हता. पायात चप्पल घालताना कोणी मदत केलेली त्याला चालली नाही, म्हणून सगळे दाराशी थांबले.

नव्या वसाहतीतल्या तेरा खांबांवर जुन्या आकड्यापुढे वसाहतीचं एक अक्षर घालायचं, म्हणजे दोन खांबांत गोंधळ होणार नाही, एवढंच काम होतं. उपकेंद्रातल्या माणसांना तिने यादी आदल्या दिवशीच देऊन ठेवली होती. त्यांनी ती नव्या साहेबाला न विचारता फोनशेजारच्या भिंतीवर चिकटवली. बाईचं मनगट त्या दिवशी दुखत होतं. तिने ब्रश मुलीच्या हातात दिला. मुलीने शिडीवर चढून विचारलं, तुमच्यासारखं काढू ना?

“नको,” बाई म्हणाली. “माझ्यासारखं काढलंस तर मला आणखी तीन महिने घरी बसवतील. तुझ्या हाताने काढ. लांबून वाचता आलं पाहिजे, बाकी तुझं तू बघ.”

मुलीने ब्रश टेकवला. गोल खांबावर तिने कधी काढलं नव्हतं. अक्षर जरा रुंद झालं, जरा खाली उतरलं, आणि ते कोणाच्याही वळणासारखं दिसत नव्हतं. बाईने ते पुसायला लावलं नाही. भाऊ पंधरा पावलं मागे गेला, जिथून लाईनमन वाचतो तिथे उभा राहिला, आणि त्याने खांबावरचं मोठ्याने वाचलं. बाईने यादीत पाहिलं आणि बरोबर आहे म्हणाली, लगेच म्हणाली. मग त्यांनी शिडी उचलली आणि पुढच्या खांबाकडे गेले.